[मंडळ] बेलमारची फ्लूक सहल: दोन बोटी, बारा जागा, तेरा माणसं

मिलिंद
मंगळवार, १० जून २०२५, रात्री ९:४२

मंडळी,

न्यू जर्सीतल्या बेलमारहून फ्लूक, म्हणजे तळाशी वाळूत लपणारा चपटा मासा, पकडायला जायच्या बोटी आज पक्क्या करायला बसलो आणि अडलो. यादी तेरावर गेली आहे. बोटी दोन, दोन्ही सिक्स-पॅक (सहाच प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या बोटी), म्हणजे सहा आणि सहा. काल रात्री प्रसादने आप्पांचं नाव घातलं, ते तेरावं. शनिवार २६ जुलै, सकाळी साडेसहा, अर्धा दिवस, हे ठरलेलंच आहे. दोन्ही कॅप्टनना शुक्रवारपर्यंत अनामत हवी आहे. ती नाही दिली तर तारीख दुसऱ्याला जाईल, जुलैतला शनिवार आहे.

कोणाचं रद्द होत असेल तर आत्ताच कळवा. नसेल तर तोडगा सुचवा, गुरुवार रात्रीपर्यंत. आप्पांना वगळा असं कोणी लिहू नका, ते मी करणार नाही.

मिलिंद

अमोल
१० जून, रात्री १०:०५

शिल्पाचा आरव चार वर्षांचा आहे. तो मांडीवर बसेल, त्याला रॉड नको, जागा नको. त्याला धरला नाही तर बाराच होतात. झालं की.

नचिकेत
१० जून, रात्री १०:३१

अमोल, तसं नाही चालत. तटरक्षक दलाच्या नियमात वय नाही. सिक्स-पॅकवर भाड्याने सहा प्रवासी नेता येतात. कॅप्टन आणि त्याचा मेट (मदतनीस) त्यात मोजत नाहीत, पण तान्हं बाळ असलं तरी ते मोजतात. सातवा माणूस चढवला तर त्या कॅप्टनचा परवाना धोक्यात येतो. असं त्याला विचारूसुद्धा नये, तो आपल्याला बोट देणार नाही.

शिल्पा
११ जून, सकाळी ७:१०

आरव येणार. मागच्या उन्हाळ्यात स्प्रूस रनच्या तलावावर त्याने दोन सनफिश स्वतः ओढले, तेव्हापासून रोज विचारतो की समुद्रावर कधी. आम्ही दोघांनी मागे घेतल्याशिवाय सुटत नसेल तर मला स्पष्ट सांगा, त्याची समजूत घालायला वेळ लागेल.

अमोल
११ जून, सकाळी ८:२२

कोणी मागे घ्यायची गरज नाही. माझ्या ऑफिसातल्या मित्राची ब्रीएलला स्वतःची बोट आहे, चोवीस फुटी. तो चार-पाच जणांना नेईल, माणशी साठ डॉलर दिले की झालं. मॅनास्क्वान इनलेटमधून (समुद्रात जायच्या चिंचोळ्या वाटेने) बाहेर पडतो, तासाभरात आपल्या बोटींना येऊन मिळेल. एक सिक्स-पॅक रद्द केली तरी चालेल, पैसे वाचतील. मित्र बारा वर्षं फ्लूक पकडतोय, जागा पाठ आहेत.

नचिकेत
११ जून, दुपारी १२:४७

अमोल, तुझ्या मित्राबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण हे अजिबात करू नये आणि का ते नीट लिहितो.

मित्र म्हणून तो आपल्याला फुकट नेत असेल आणि आपण आपखुशीने पेट्रोलला, आमिषाला हातभार लावला, तर तो खर्च वाटून घेणं झालं. पण "माणशी साठ दिलेत तरच चढा" असं म्हटलं की ते भाडं होतं. भाडं घ्यायचं तर चालवणाऱ्याकडे कॅप्टनचा परवाना लागतो. घरच्या बोटीचा विमा अशा वेळी बहुतेक हात वर करतो. इनलेटच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि समोरचा वारा यांची गाठ पडली की लाटा किती उभ्या होतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तिथे कोणाला लागलं तर जबाबदार कोण?

दुसरं. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीला परवाना लागत नाही हे खरं, पण सोळा आणि त्यावरच्या प्रत्येकाला राज्याच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते. भाड्याच्या बोटीवर ती लागत नाही, मित्राच्या बोटीवर लागते. म्हणजे निम्म्या लोकांना एक नियम आणि निम्म्यांना दुसरा.

आपल्यात लहान मुलं आहेत आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आप्पा आहेत. ज्या बोटीच्या चालकाकडे परवाना नाही तिच्यावर मी माझ्या आईला पाठवणार नाही.

अमोल
११ जून, दुपारी १:१५

बरं. मित्राचं सोडून द्या. हे भाड्याचं मला माहीत नव्हतं. त्यालाही सांगतो, तो इतरांना असंच नेत असतो.

शिरीष
११ जून, संध्याकाळी ६:०८

मी आधीपासून सांगतोय, पार्टी बोट घ्या. ही सहल मी सहा वर्षं काढली, कधी माणसं मोजत बसावं लागलं नाही. तिकीट काढा, चढा. तेरा काय, तेवीस आले तरी चालतात. बोटीची तपासणी झालेली असते, किती प्रवासी न्यायचे तो आकडा प्रमाणपत्रावर लिहून आत लावलेला असतो. रॉड, आमिष, शिसं (दोरीला तळाशी नेणारं वजन) सगळं त्यांचं. माणशी पासष्टच्या आसपास. तुमच्या सिक्स-पॅकचे दोन बोटींचे सतराशे होतात, वर मेटची टिप. बारांत वाटले तर एकशेचाळीस. आरवचेही एकशेचाळीस?

मिलिंद
११ जून, रात्री ८:५०

शिरीषदादा, तुमच्या सहा वर्षांबद्दल मनापासून आदर आहे, मी पहिला फ्लूक तुमच्याच सहलीत पकडला. पण २०२३ ची पॉइंट प्लेझंटची सकाळ सगळ्यांच्या लक्षात आहे. कठड्याला खांद्याला खांदा लावून माणसं. माझी दोरी पाच वेळा शेजाऱ्याच्या दोरीत अडकली. एक फ्लूक वर येत होता, तो गुंत्यात सुटून गेला. मुलं तासाभरात कंटाळून केबिनमध्ये जाऊन बसली आणि तिथे डिझेलच्या वासाने ओकली. सिक्स-पॅकवर मेट प्रत्येकाजवळ येतो, मुलाच्या हातात हात घालून शिकवतो. म्हणून मी या वर्षी बदललं.

शिरीष
११ जून, रात्री ९:३३

गुंता बोटीमुळे झाला नाही, शिशामुळे झाला. मेटने सगळ्यांना सहा औंस लावायला सांगितलं होतं. आपल्यातल्या तिघांनी घरून आणलेलं तीन औंसाचं लावलं. बोट वाऱ्या-पाण्याबरोबर सरकत असते, हलकं शिसं तळाला टेकत नाही, दोरी तिरकी वाहत बोटीखाली किंवा शेजारी जाते. सगळ्यांचं वजन एक असलं तर सगळ्या दोऱ्या एकाच कोनात राहतात. हे मी त्या दिवशी डेकवर ओरडून सांगत होतो.

आणि कठडा हवा तर लवकर यायचं. पावणेसहाला पोहोचलं तर मागचा कोपरा मिळतो. आपण त्या दिवशी सव्वासातला पोहोचलो, कारण निम्मी मंडळी डंकिनला (कॉफीच्या दुकानात) थांबली होती.

स्मिता
११ जून, रात्री १०:०२

ओकारीबद्दल, कारण दर वर्षी तेच होतं. मळमळीची गोळी बोटीवर चढल्यावर घेऊन उपयोग नाही. आदल्या रात्री एक आणि निघायच्या तासभर आधी एक, पण आप्पांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. लहान मुलांना मनाने देऊ नका. रिकाम्या पोटी येऊ नका, तळलेलं खाऊनही येऊ नका. केबिनमध्ये बसायचं नाही, बोटीच्या मध्यावर किंवा मागे उघड्यावर उभं राहायचं, नजर क्षितिजावर. फोन बघायचा नाही. मी आलेपाक करून आणते, तीन डबे. २०२३ ला ज्यांनी तो खाल्ला त्यांना त्रास झाला नव्हता, हे मी स्वतः पाहिलंय.

सुनंदामावशी
१२ जून, सकाळी ६:४०

मिलिंद, मी शांत होते कारण माणसांचा प्रश्न तुमचा आहे. पण तारीख कोणी पाहिली का? कालनिर्णय काढा. २४ जुलैला अमावस्या, २५ पासून श्रावण. २६ ला आम्ही मासे पकडून आणायचे आणि महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवून बघत बसायचं? आमच्या घरी श्रावण काटेकोर पाळतात. इथे येऊन सदतीस वर्षं झाली, एकदाही मोडला नाही. मी यादीत आहे, माझे दोन नातू यादीत आहेत. मला जीव मारायचा आणि खायचा नाही हे पटत नाही.

अमोल
१२ जून, सकाळी ७:५५

मावशी, पकडून सोडून देता येतात की. बरेच लोक तसंच करतात.

सुनंदामावशी
१२ जून, सकाळी ८:३१

अमोल, गरी तोंडात घुसवून मजा म्हणून सोडायचा हे मला जमणार नाही. लहान म्हणून सोडायचा तो वेगळा, तो वाढावा म्हणून सोडतो. आमच्या मालवणात पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग पाण्यात जातात. माझ्या वडिलांच्या वेळी कायद्याची आठवण करून द्यावी लागत नव्हती. आता १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी आहे, एकसष्ट दिवस. माशांच्या विणीचा काळ आहे, त्यांना सोडायचंच.

नचिकेत
१२ जून, सकाळी ९:१२

मावशी, तुमचा मुद्दा पटला. इथेही तोच विचार आहे, पद्धत वेगळी. फ्लूकचा हंगाम या वर्षी ४ मे ते २५ सप्टेंबर, किमान १८ इंच, माणशी तीन. १७ पूर्णांक तीन चतुर्थांश इंचाचा असला तरी परत. ब्लॅक सी बास जुलै-ऑगस्टमध्ये माणशी एकच. स्ट्राइप्ड बास २८ ते ३१ इंचांमधला एक, त्याहून मोठा परत सोडायचा, कारण मोठी मादी सर्वांत जास्त अंडी घालते. महाराष्ट्रातही आता किमान आकाराचे नियम आलेत. पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा झाला, तोही लहानपणीच जाळ्यात जाऊन कमी होत चाललाय म्हणूनच.

त्यामुळे सगळ्यांनी लक्षात ठेवा, तेरा जण म्हणजे एकोणचाळीस फ्लूक असा हिशोब करून कोणी पाहुणे बोलावू नका. दहांतले आठ-नऊ लहान निघून परत जातात. आपल्याला सगळ्यांत मिळून पाच-सहा ठेवण्यासारखे मिळाले तर तो चांगला दिवस.

रेखा (खजिनदार)
१२ जून, दुपारी १२:२०

मधेच लिहिते. अनामत मंडळाच्या खात्यातून जाणार नाही. मार्चच्या बैठकीत ठरलंय, कार्यकारिणीने मंजूर केलेल्या कार्यक्रमांनाच खात्यातून आगाऊ पैसे. ही सहल यादीवर जमलेली आहे, मंडळाची नाही.

शिरीष
१२ जून, दुपारी १२:४१

रेखा, सहाही वर्षं ती मंडळाचीच होती. वार्षिक अहवालात फोटो आहेत.

रेखा (खजिनदार)
१२ जून, दुपारी १:०५

फोटो आहेत, ठराव नाही. शिरीष, तू दर वेळी स्वतःच्या कार्डावर भरून नंतर गोळा करायचास आणि दोनदा तुला पदरचे भरावे लागले, ते मला माहीत आहे. तसं पुन्हा कोणावर येऊ नये म्हणूनच हा नियम केला. प्रत्येकाने मिलिंदला आधी पैसे पाठवा, मग त्याने बुकिंग करावं.

प्रसाद
१२ जून, संध्याकाळी ५:३०

आप्पांनी सगळे मेल माझ्याकडून वाचून घेतले. खालचं त्यांनी सांगितलं तसं टाइप करतो.

"सर्वांस नमस्कार. माझ्यामुळे अडचण झाली याचं वाईट वाटतं. मी २८ तारखेला परत जातो, म्हणून प्रसादने घाई केली. मी रत्नागिरीत भाट्याच्या पुलाखाली वयाच्या नवव्या वर्षापासून गरवायला बसतो. तांबोशी, पालू, शिंगटी. रॉड कधी हातात धरला नाही. बांबूची काठी किंवा नुसती दोरी बोटाला गुंडाळलेली, आमिषाला कोळंबी. मासा लागला की बोटाला कळतं. मला बोट लहान-मोठी कशीही चालेल. उभं राहायला कठडा आणि हातात दोरी एवढंच हवं.

तारखेचं म्हणाल तर अमावस्येला उधाण असतं, पाण्याला फार ओढ. २६ तारीख अमावस्येनंतर दोनच दिवसांनी येते. त्याऐवजी आदल्या आठवड्यात नवमी-दशमीला जावं, भांगाचं पाणी असतं, संथ. मासा तळाशी राहणारा असेल तर आमिष त्याच्यापुढून सावकाश गेलेलं बरं. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट धरावी. दशमी म्हणजे साडेसात."

शिरीष
१२ जून, संध्याकाळी ७:१४

आप्पा, नमस्कार. तुमचं भांगाचं गणित बरोबर आहे आणि ते इथेही तसंच लागू होतं. पाऊणपटीचं मात्र इथे जुळणार नाही. ते आपल्या किनाऱ्यापुरतं आहे, तिकडे अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते. इथे त्याच दिवशी ती सकाळी साडेसात-आठला येते. प्रत्येक बंदराचा आपला फरक असतो. म्हणजे दशमीला इथे भरती भल्या पहाटे होऊन जाईल आणि सकाळची सगळी फेरी सुकतीत (ओहोटीत) सापडेल. शेवटी शेवटी पाणी थांबेल. फ्लूकला थांबलेलं पाणी चालत नाही, बोट सरकली नाही तर आमिष एका जागी पडून राहतं आणि तो वाळूत पुरून घेऊन बसतो, दोन्ही डोळे वर. म्हणून पहिले दोन-अडीच तास महत्त्वाचे, तेव्हा कोणी चहा पीत बसू नका.

बोटाला दोरी गुंडाळू नका एवढी विनंती. इथे दोन-अडीच फुटी मोरी (लहान शार्क) सर्रास लागते, बोट कापेल.

सुनंदामावशी
१२ जून, संध्याकाळी ७:४०

मोरी? आणि तिचं काय करतात?

शिरीष
१२ जून, संध्याकाळी ७:४८

सोडून देतात मावशी. इथले लोक तिला डॉगफिश म्हणतात, खात नाहीत.

सुनंदामावशी
१२ जून, रात्री ८:१५

माझी आई मोरीचं मटण करायची ते ज्यांनी खाल्लं त्यांना विचारा. लसूण, तिरफळ, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, आणि मोरी आधी उकळत्या पाण्यात घालून कातडीवरची कचकच खरवडून काढायची. पकडल्याबरोबर पोट साफ करून बर्फात टाकली नाही तर तिला उग्र दर्प सुटतो, म्हणून लोकांना ती आवडत नाही. नियमात बसत असेल तर एक तरी माझ्यासाठी ठेवा. बर्फ मी आणते.

आणि ते मेट येताना फ्लूकचे नुसते तुकडे कापून देतात आणि डोकी-काटे फेकतात, ते फेकू देऊ नका. सार त्याचंच होतं.

नचिकेत
१२ जून, रात्री ८:३९

मावशी, ज्या बोटींना समुद्रावर मासे कापायची खास परवानगी असते त्यांना सगळे सांगाडे धक्क्याला लागेपर्यंत ठेवावेच लागतात, म्हणजे अधिकाऱ्याला लांबी मोजता येते. उतरताना मागून घेऊ, आनंदाने देतात. मोरीचं मी त्या दिवशी कॅप्टनला विचारतो, तो म्हणेल ते. मोठा ब्लूफिश लागला तर मुलांना आणि गरोदर बायकांना देऊ नये अशी राज्याची सूचना आहे, अंगात पीसीबी हे विषारी रसायन साठलेलं असतं. लहान असेल तर बांगड्यासारखा तिखला छान होतो.

मिलिंद
१२ जून, रात्री १०:२६

सगळं वाचलं, दोनदा. दोन्ही कॅप्टनशी बोललो, दोघांकडेही १९-२० जुलै भरलेली आहे. म्हणजे श्रावणाआधी सिक्स-पॅक मिळत नाही आणि श्रावणात मावशी येत नाहीत. २६ ला आप्पांच्या बॅगा भरायच्या असतील, हेही माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

तेव्हा पार्टी बोट. रविवार २० जुलै, बेलमार. शनिवार नको, निम्मी घरं शनिवारी खात नाहीत. दशमी आहे, एकादशी दुसऱ्या दिवशी. सकाळची अर्ध्या दिवसाची फेरी, तेरा तिकिटं. मुलांचं कमी आहे.

शिरीषदादा, बोटीवरची व्यवस्था तुम्ही बघावी अशी माझी इच्छा आहे. शिसं, कठडा, कोण कुठे उभं राहील, सगळं. मी गाड्या आणि पैसे बघतो. तुम्ही नाही म्हणू नका.

शिरीष
१२ जून, रात्री १०:५८

बघतो. मग माझं ऐकायचं.

पावणेसहाला धक्क्यावर. पार्कवेवरून एक्झिट ९८, पुढे रूट १३८ ने सरळ बेलमार. डंकिन बंद, चहा थर्मासमध्ये आणा. घरचं शिसं कोणी आणू नये. मागचा उजवा कोपरा आप्पांचा, त्यांच्याशेजारी आरव आणि शिल्पा, पुढे मावशी आणि नातू, मग बाकीचे. मासा पाण्याच्या वर दिसला की उचलायचा नाही, "जाळं" म्हणून ओरडायचं, मेट येतो. निम्मे फ्लूक कठड्याशीच सुटतात, डोकं पाण्याबाहेर काढून झटका दिला की गेला. केळी आणि केळ्याचे वेफर्स गाडीत ठेवा. इथले खलाशी केळं अशुभ मानतात आणि आपण त्यांच्या बोटीवर जातोय. टिपसाठी माणशी पंधरा रोख. सर्वांत मोठ्या फ्लूकचं बक्षीस असतं, त्यात भाग घ्यायचा तर दहा वेगळे.

आप्पांना हातदोरी चालेल का हे मी उद्या बोटवाल्यांना विचारतो. कधी कोणी मागितली नसेल. लाकडी फिरकीला गुंडाळलेली दोरी मिळाली तर हातमोजा घालून चालेल असं मला वाटतं.

रेखा (खजिनदार)
१३ जून, सकाळी ८:०३

मिलिंद, माझे आणि ह्यांचे पैसे पाठवले. आतापर्यंत तुझ्याकडे किती आले ते रविवारी यादीवर लिही.

प्रसाद
१३ जून, सकाळी ८:४४

आमचे तीन पाठवले. आप्पा विचारतायत की निघताना समुद्राला नारळ दिला तर बोटवाल्यांची हरकत असेल का. नारळी पौर्णिमेला ते तिकडे असतील, पण म्हणतात की ज्या पाण्यात गरवायचं त्याला द्यायला हवा.

शिरीष
१३ जून, सकाळी ९:०२

हातदोरीबरोबर तेही विचारतो. नुसता नारळ, प्लास्टिक आणि दोरा नको. धक्क्यावर नाही, इनलेटच्या बाहेर गेल्यावर.